अन्नपूर्णाबाईची कोरडी घागर

धाडच्या बाजारात कोणालाही विचारा, तो सांगेल की अन्नपूर्णाबाईनं नवऱ्याला मरताना पाणी दिलं नाही. सांगणारा जरा पुढे सरकतो, आवाज बारीक करतो, आणि सांगून झालं की तिच्याचकडून वांगी घेतो, कारण तिची वांगी चांगली असतात. बुढा पाणी पाणी करत गेला अन् बुढी मिरच्यांचे देठ खुडत बसली, असं म्हणतात. काहींच्या सांगण्यात मिरच्यांच्या जागी लसूण असतो.

हे खोटं आहे. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे, म्हणून मी ठामपणे सांगते. माझे बाबा एसटीत कंडक्टर आणि आम्ही निवृत्तीभाऊंच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. निवृत्तीभाऊ म्हणजे तिचा मुलगा. मोतीराम बुढ्याला लकवा मारला तेव्हा जवळजवळ वर्षभर अन्नपूर्णाकाकूनं त्याला चमच्यानं पाणी पाजलं. अर्धं ओठाच्या कडेनं गळायचं, ते पुसायची, पुन्हा चमचा. शेवटचा चमचाही तिचाच. तिनं मरताना दिलं. मेल्यावर दिलं नाही. सगळं भांडण मेल्यानंतरचं आहे.

आता मोतीरामचा आवाज ऐकून घ्या, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बुढा आधी खाकरायचा. साधं खाकरणं नव्हे, कोरड्या विहिरीत बादली आदळावी तसं. मग बायकोचं नाव, मग हवी ती वस्तू. अन्नपूर्णे, भाकर. अन्नपूर्णे, चप्पल. अन्नपूर्णे, पाणी. 'दे' हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही. त्या शब्दाला कष्ट पडत असावेत. हा आवाज मी सातवीत असल्यापासून काढायचे. बुढा जिवंत असताना त्याच्या पाठीमागं आणि मेल्यावर उघडपणे.

गल्लीतली बाकीची पोरं मेलेल्याचा आवाज काढायला घाबरतात. तोंड उघडतात, मध्येच रात्रीची आठवण येते आणि गप होतात. आमच्या घरात ती भानगड नाही. आम्ही बौद्ध. आमच्याकडे पितर जेवायला येत नाहीत, कावळ्याला कोणी हाक मारत नाही, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही नुसता आमरस खातो. बाबा म्हणतात माणूस मेला की मेला. त्यामुळे भूत व्हायचं काम गल्लीत माझ्याकडेच.

अन्नपूर्णाकाकू मूळची धामणगाव बढ्याची. लग्न होऊन धाडला आली आणि आल्या दिवसापासून मळ्यात. वांगी, मिरच्या, मेथी, संभार म्हणजे कोथिंबीर, सगळं तिच्या हातचं. बाजाराच्या दिवशी पोतं अंथरून बसते आणि गिऱ्हाइकाला अजिबात गोड बोलत नाही. एकदा मुलांच्या शाळेतल्या एका मॅडमनं वांगं उचललं, फिरवलं, दाबलं, वास घेतला, ठेवलं, पुन्हा उचललं. काकू शांतपणे म्हणाली, "घ्यायचं तं घ्या वो बाई. वांगं काही तुमच्या पोरीले पाहाले आलं नाही." मॅडमनं दोन किलो घेतली.

अशी ही बाई नवऱ्यापुढे मात्र मुकी. मोतीरामची पाणी पिण्याची एक रीत होती. मळ्यात विहीर एका टोकाला, हा आंब्याखाली दुसऱ्या टोकाला. खाकरला की तिनं काम टाकून पाणी आणायचं. हा एक घोट घेणार, गरम म्हणणार, आणि उरलेलं तिच्या पायावर ओतणार. मग ती पुन्हा विहिरीवर. टँकरच्या उन्हाळ्यातसुद्धा ही रीत मोडली नाही. तेव्हा काकू ओल्या पायांची माती झटकायचीही नाही म्हणे, तेवढाच गारवा.

हे मला तिनं स्वतः सांगितलं, दुसऱ्या कोणाच्या घरातली गोष्ट सांगावी तसं. कावीळ झाली होती तेव्हाची गोष्टही तशीच सांगितली. बाजेवर पडलेली, डोळे पिवळे, घसा सुकलेला. मोतीराम माठाला पाठ टेकून बिडी ओढत बसलेला. तिनं पाणी मागितलं. तो जागचा हलला नाही. "ऊठ. माठ इथंच हाय," एवढंच म्हणाला. ती उठली, दोन पावलांवर भोवळ आली आणि माठावरच पडली. माठ फुटला. माठ नवा होता म्हणून त्यानं शिव्या दिल्या. खापराच्या एका तुकड्यात थोडं पाणी साचून राहिलं होतं, ते तिनं पालथं पडूनच प्यालं.

आता आखाजीचं. आमच्या भागात त्या दिवशी घरातल्या मेलेल्या माणसाच्या नावानं मातीची नवी घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. घागर भरली की मेलेला आपल्या पितरांत जाऊन मिळतो. नाही भरली तर तो बाहेरच, तहानलेला, दारापाशी. आणि या घराण्याची जास्तीची रीत अशी की घागरीतलं पाणी बायकोनं भरायचं, पूजा पोरानं करायची. मोतीराम गेल्यावर पहिली आखाजी आली. कुंभाराकडून घागर आली, खरबूज आलं, काकूनं पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, कुरडया तळल्या. पाणी भरायची वेळ आली तेव्हा हात धुऊन बसली आणि नाही म्हणाली. दुसऱ्या वर्षीही तेच.

मग घरात जे जे बिघडलं ते मोतीरामच्या नावावर जमा झालं. बोअर आटला, म्हैस आटली, निवृत्तीभाऊंच्या मानेवर गजकर्ण उठलं. गजकर्णाचं औषध मेडिकलात मिळतं हे माझ्या आईनं सांगून पाहिलं. पण मोतीरामचा धाकटा भाऊ पंजाबराव, जो प्रत्येक वाक्य डोळे मिटून 'असं हाय पाह्य' म्हणून सुरू करतो, त्यानं निकाल दिला. असं हाय पाह्य, बुढा तहानलेला हाय, म्हणून पाणी ओढून राह्यला. यंदा वहिनीनं घागर भरली नाही तर तिनं घरात राहायचं नाही. मळ्यात टिनाची खोली आहे, तिथं राहावं. निवृत्तीभाऊ यावर म्हणाले, मी काय म्हंतो... जाऊ दे. निवृत्तीभाऊंचं प्रत्येक वाक्य इथंच संपतं. ते काढायला सगळ्यात सोपे.

म्हणजे प्रश्न एवढाच उरला, घागर की घर.

तेव्हा रुपालीवहिनीला पिक्चर आठवला. वहिनी म्हणजे निवृत्तीभाऊंची बायको, बुलढाण्याची, म्हणून एरवी मला-तुला म्हणते आणि राग आला की मले-तुले वर येते. तिनं हा पिक्चर मोबाईलवर पाहिला होता आणि पदर भिजेस्तोवर रडली होती. नाव कोणाच्या ध्यानात राहिलं नाही, आम्ही पाण्याचा पिक्चर म्हणतो. भुताचा आहे, पण घरच्यांसोबत बसून पाहता येतो. एक मोठं कुटुंब, त्यातला बाप नदीत बुडून मरतो आणि घरी परत येतो. मारत-बिरत कोणालाच नाही, फक्त ओला असतो. रात्रीतून नळ सुटतात, फरशीवर ओले पाय उमटतात, नातवंडांच्या उशा भिजतात. शेवटी त्याची बायको उंबऱ्यावर पाण्याचा पेला ठेवते आणि या म्हणते. घरच्या सगळ्यांना तो क्षणभर दिसतो. पाणी पितो, हसतो, विरून जातो. शेवटी पडद्यावर नुसता रिकामा पेला, आणि सनई.

दुपारी बैठकीतल्या टीव्हीवर तो लावला. पंजाबराव खास आला. काकूला समोर बसवलं, तिनं मिरच्यांचं सूप मांडीवर घेतलं आणि देठ खुडू लागली. टीव्ही फक्त तीच पाहत होती, बाकी सगळे तिचं तोंड पाहत होते. ओले पाय उमटले तेव्हा तिनं फरशी कोण पुसते असं विचारलं. उशा भिजल्या तेव्हा म्हणाली, कापूस वाया गेला. शेवट आला. वहिनी हुंदके देऊ लागली, निवृत्तीभाऊंनी गजकर्ण खाजवणं थांबवलं, पंजाबरावानं चक्क डोळे उघडले. रिकामा पेला दिसला, सनई वाजली, आणि कोणी तरी टीव्ही बंद केला.

पंजाबरावानं अर्थ सांगितला. असं हाय पाह्य वहिनी, पाणी देलं की आत्मा सुटते. रुपालीवहिनीनंही अर्थ सांगितला, तो असा की प्रेमानं मागितलं तर मेलेलं माणूसही ऐकतं. मग सगळ्यांनी काकूकडे पाहिलं.

काकूनं देठ बाजूला केले. "तो कुठी गेला?" म्हणाली. "पेला रिता झाला, म्हंजे पुन्हा भरा लागंल. उद्या ठेवला नाही तं पुन्हा नळ सोडंल. तो सुटला नाही. त्या बाईले काम लागलं."

सनईनंतर असं बोलणारी बाई त्यांनी पाहिलीच नव्हती. मला मात्र इतकं हसू आलं की मी मागच्या दारानं पळाले.

संध्याकाळी मी तिला न्हाणीपाशी गाठलं. म्हटलं, काकू, मोठ्या गप्पा मारता, पण मळ्यातल्या टिनात उन्हाळा काढायचा म्हटल्यावर भरसान घागर. लावा शर्त. तिनं विचारलं, जिंकली तं काय पाह्यजे? मळ्यात आंब्याखाली मोतीराम बसायचा ना, त्या आंब्याची पहिल्या पाडाची पाटी मागितली. तो आंबा गावरान आहे, साखरेसारखा, आणि ती कोणाला चाखू देत नाही.

"अन् मी हरली तं?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "हरली तं त्याचा आवाज काढायचा नाही. कोणाच्याच सांगण्यावरून नाही. कधीच नाही."

मी हो म्हटलं. स्वस्तात सौदा वाटला. माझ्याकडे आवाज भरपूर होते.

आखाजीच्या आदल्या दिवशी पंजाबराव आमच्या दाराशी आला आणि बाबा ड्यूटीवर आहेत ना याची खात्री करून घेतली. मग माझ्या कलेचं कौतुक केलं. या माणसानं आजवर म्हशीचंही कौतुक केलेलं नाही. म्हणणं असं की उद्या दुपारी मी न्हाणीत लपून मोतीरामच्या आवाजात पाणी मागायचं. पिक्चरनं नाही झालं ते प्रत्यक्षानं होईल. न्हाणी टिनाची, अंगणाच्या कोपऱ्यात, काकू बसते त्याच्या समोर. मला आतून गुदगुल्या झाल्या. पाटीभर आंबे मिळणार आणि वर आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रयोग.

फक्त त्यानं लिहून आणलेलं बोलणं मला पटेना. अन्नपूर्णे, माझं चुकलं, घोटभर पाणी दे, मला सुटका दे. मी म्हटलं, काका, हे मोतीराम नाही, हे कीर्तन झालं. बुढा असं बोलला तर मीच घाबरेन. त्यानं पुष्कळ हुज्जत घातली, मी ऐकलं नाही. आवाजाच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

आखाजीला ऊन असं होतं की अंगणातली कोंबडी चोच उघडून पडली होती. पुरणाचा वास सुटला होता. नवी घागर पाटावर, शेजारी खरबूज, घागर कोरडी ठणठणीत. काकू भिंतीच्या सावलीत, हाताशी माठ. निवृत्तीभाऊ सोवळं नेसून तयार, वहिनी दारात, पंजाबराव खुर्चीवर डोळे मिटून. मी न्हाणीत घुसले, दार लोटलं. टिनाला हात लागला तर कातडी सोलून निघावी. थोडा वेळ गेला तोवर माझी वेणीसुद्धा घामानं भिजली. मग मी खाकरले.

"अन्नपूर्णे. पाणी."

असा आवाज माझा पुन्हा लागणार नाही. आत टिनाचा घुमारा मिळाला, त्यानं तो खोल गेला. बाहेर काय झालं ते मला वहिनीनं नंतर सांगितलं. निवृत्तीभाऊ एकदम उठून उभे राहिले आणि पाण्याकडे धावले, लहानपणी धावायचे तसे. दोन पावलांवर सोवळ्यात पाय अडकून पडले. पंजाबराव, ज्यानं हे सगळं ठरवलं होतं, त्याच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्यानं खुर्चीचे हात पकडले. आणि काकूचा हात आपोआप माठावरच्या पेल्याकडे गेला. पेला उचलला. माठात बुडवला. पेला भरला.

मग ती थांबली. वहिनी म्हणते, पेल्यातलं पाणी हलायचं थांबलं तोवर ती त्याच्याकडे पाहत होती. मग तिनं ते स्वतः पिऊन टाकलं, पदरानं तोंड पुसलं आणि न्हाणीकडे पाहून म्हणाली, "उठा. माठ इथंच हाय."

हे मी आतून ऐकलं. पाठोपाठ तिची पावलं आली आणि बाहेरून कडी लागली.

मला वाटलं गंमत आहे. मग मला वाटलं आता उघडेल. मग मला काही वाटेनासं झालं, नुसती जीभ टाळूला चिकटली. टिनाच्या फटीतून दिसत होतं, ती पुन्हा सावलीत जाऊन बसली होती. कोणीही कडी काढायला पुढे आलं नाही. पंजाबरावानं तर तोंडच फिरवलं. मला आत कोणी घातलं हे सांगायची त्याला घाई नव्हती. शेवटी मी माझ्या आवाजात ओरडले, "काकू, मी हाव. समता. पाणी द्या ना."

ती लगेच उठली. कडी काढली, मला हाताला धरून सावलीत आणलं, पेला दिला, तो संपला तसा दुसरा दिला. हळू पे, ठसका लागंल, म्हणाली. मी पिता पिता विचारलं, पहिल्या खाकरण्यालाच ओळखलं का मला?

"नाही," ती म्हणाली. "मले वाटलं तोच हाय."

"मंग कडी काऊन लावली?"

"तोच वाटला म्हणून."

तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की माझ्या हातातला पेला तसाच राहिला. भूत आहे असं धरूनच ती त्याच्यासमोर बसून पाणी प्यायली होती आणि मग तिनं ते टिनात कोंडलं होतं. मग कडी काढली ती मी 'द्या' म्हटलं म्हणून. मोतीराम द्या म्हणत नव्हता.

पंजाबरावाला कंठ फुटला. असं हाय पाह्य, म्हणून त्यानं तिथंच निकाल दिला, मळ्यात चालती हो. निवृत्तीभाऊ गुडघा चोळत मी काय म्हंतो म्हणाले आणि जाऊ दे म्हणाले. काकूनं वाद घातला नाही. आत जाऊन दोन लुगडी, तवा आणि वजन-काटा पाटीत घातला, पाटी डोक्यावर घेतली आणि काखेत स्वतःचा माठ घेऊन निघाली. दाराशी थांबून वहिनीला एवढंच बजावलं की पोळ्या झाकून ठेव, माश्या बसून राह्यल्या.

तरी घागर कोरडीच होती आणि नैवेद्य थंड होत होता. तेव्हा पंजाबरावानं घराण्याची रीत उभ्या उभ्या बदलली. बायको नसली तर सून चालते म्हणाला. दोन वर्षं हे त्याला सुचलं नव्हतं. वहिनीनं पदर खोचला, घागर भरली, खरबूज ठेवलं, पूजा झाली, सगळे जेवले. मलाही ताट आलं. रस चांगला होता.

त्याला आता महिना होत आला. बोअर कोरडाच आहे. म्हशीचंही तसंच. गजकर्ण गळ्यापर्यंत उतरलं आहे. आणि वहिनी, जिला पिक्चरचा शेवट फार आवडला होता, ती रोज दिवेलागणीला उंबऱ्यावर पाण्याचा पेला ठेवते. सकाळी पेला रिकामा दिसला की तिला बरं वाटतं, आणि ती पुन्हा भरून ठेवते. पाणी आमची मांजर पिते. मी पाहिलं आहे. सांगत नाही. एकदा पेला ठेवायचा राहिला तर वहिनीला झोप लागली नाही म्हणे, दारापाशी कोणी खाकरल्यासारखं वाटत होतं. ते मात्र मी नव्हते.

परवा निवृत्तीभाऊ मागच्या दारानं आले. आई पाणी भरत होती, म्हणून माझ्याजवळ येऊन हळूच बोलले. मी काय म्हंतो, म्हणाले, एकदा काढतं का, बापाचा? मी थांबले, आता 'जाऊ दे' येईल म्हणून. पण या खेपेस ते आलं नाही. तोंड उघडं ठेवून, लहान पोरासारखे उभे राहिले. मी त्यांना पंजाबराव काढून दाखवला, डोळे मिटून, असं हाय पाह्य म्हणून. ते हसले नाहीत. निघून गेले.

बाजाराच्या दिवशी काकूला सांगायला गेले. मळ्यातल्या उन्हानं ती आणखी काळी पडली आहे, हाताला टिनाचा चटका बसलेला आहे, वांग्यांचा भाव तिनं वाढवला आहे. सांगितलं, तुमच्या पोरानं मागितला होता, तरी काढला नाही. तिनं मान हलवली. मग पोत्याखालून गवतात गुंडाळलेला पाडाचा आंबा काढला. वासानंच तोंडाला पाणी सुटलं. मी हात पुढे केला.

तिनं आंबा तळहातावर चोळला, देठाकडून चीक काढला, माझ्याकडे पाहत पाहत शेवटपर्यंत चोखला आणि कोय माझ्या पायापाशी टाकली.

"शर्त कोण हरलं?" म्हणाली.

मी, म्हटलं.